जपानशांत

मराठीत ज्या कार्याच्या नावात 'शांत' असते, त्या कार्यात शांतता सोडून बाकी सगळं असतं. वास्तुशांतीला घरभर होमाचा धूर, दारात चपलांचा ढीग आणि "किचन जरा लहानच आहे, नाही?" असं यजमानाला ऐकू जाईल इतक्या हळू विचारणारे पाहुणे. उदकशांतीला चार गुरुजी चार पट्ट्यांत. माझ्या साठीशांतीला तर जिलबी आधी कुठल्या पंगतीला फिरवायची यावरून दोन चुलतभावांचं असं वाजलं की ते आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. त्या सबंध कार्यक्रमातून हाती लागलेली शांतता ती तेवढीच.

त्यामुळे मुलगी सकाळी म्हणाली, "बाबा, आज आत्याला घेऊन निटोबे गार्डनला जाऊन या. जपानी बाग आहे. एकदम शांत," तेव्हा मी नुसता चष्मा पुसला. अक्काने मात्र खुलासा मागितला.

"शांत म्हणजे? कुणी फिरकत नाही का तिकडे?"

अक्का माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. वाईजवळच्या एका गावात छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती, त्यामुळे समोर कुणीही असो, ते चौथीत आहे असं धरूनच ती बोलते. मुलगी व्हँकूवरला यूबीसीत, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, मातीवर संशोधन करते. हे कळल्यापासून अक्काचा एक हिशेब जुळत नाहीये. "आपली सात एकर माती होती, ती आप्पांनी विकली. त्या पैशात तू शिकलास. तू कमावलंस त्यात ही शिकली. आणि ही आता साता समुद्रापार येऊन माती बघते. मग विकली कशाला?" बँकेत चौतीस वर्षं जमा-नावे करूनही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

विद्यापीठाचं आवार सुमारे ४०० हेक्टरांचं. "म्हणजे हजार एकर," अक्काने लगेच धरलं. "पैकी लागवडीखाली किती?" मुलीने सांगितलं की विद्यापीठाचं स्वतःचं शेतही आहे. त्यावर अक्काच्या नजरेत या संस्थेबद्दल प्रथमच थोडा आदर दिसला. मुलीने कागदावर रस्ता काढून दिला: घरातून निघायचं, मेन मॉलने सरळ उत्तरेला जायचं, मग डावीकडे. तिला प्रयोगशाळेत जायचं होतं. तिच्या मातीचा कसला तरी नमुना भट्टीत वाळत होता.

मेन मॉल म्हटल्यावर अक्काने कापडी पिशवी घेतली. घेऊ दिली मी. प्रत्यक्षात मेन मॉल म्हणजे दुतर्फा ओकची झाडं असलेला, मधोमध हिरवळीचा लांबच लांब रस्ता निघाला. दुकान औषधालाही नाही. अक्का दोन्ही बाजूंना बघत चालत होती. "मॉल कधी सुरू होणार?" तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही तो संपवत आणला होता.

वाटेत दोन दगडी स्मारकं लागतात. एक १९२२ सालचं. तेव्हा या जागी नुसता अर्धवट इमारतीचा सांगाडा उभा होता आणि विद्यार्थी शहरात तात्पुरत्या खोपटांत शिकत होते. त्यांनी ५६,००० सह्या गोळा केल्या, शहरातून मोर्चा काढून इथवर आले आणि एकेक दगड टाकून हे स्मारक रचलं. सरकारने निमूट पैसे दिले आणि १९२५ साली इथे वर्ग सुरू झाले. अक्काला हे मनापासून आवडलं. तिच्या शाळेची गळकी कौलं बदलून घ्यायला तिने एकदा अकरा अर्ज केले होते. "आम्हीही दगड घेऊन जायला हवं होतं," ती म्हणाली, आणि ते तिने कुठल्या अर्थाने म्हटलं हे मी विचारलं नाही.

दुसरं स्मारक इंजिनिअरिंगच्या पोरांचं. काँक्रीटचा भलामोठा ठोकळा, त्यावर लाल 'ई'. रात्रीत दुसऱ्या शाखांची पोरं येऊन त्याला भलताच रंग फासतात, सकाळी हे परत आपला फासतात. रंगाचे थर चढून चढून ठोकळ्याला बाळसं आलंय. हीच ती मंडळी जी मोटारगाडीचा रिकामा सांगाडा नेऊन पुलांखाली लोंबकळत ठेवतात. इथला लायन्स गेट पूल झालाच, २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटलाही त्यांनी एक फोक्सवॅगन टांगली. अक्काने ठोकळा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि निकाल दिला, "अभ्यास कमी पडतोय यांना."

आता खरा अवघड भाग. जपानी बागेच्या जवळच मोठा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या पलीकडे झाडीतून समुद्राकडे पायवाटा उतरतात. अशा एका वाटेच्या तोंडाशी अक्का थांबली. खाली, झाडांतून वळत, लाकडी पायऱ्याच पायऱ्या गेल्या होत्या. खांद्यावर पंचे टाकलेली माणसं भाविकपणे उतरत होती.

"अरे, खाली देऊळ दिसतंय."

"देऊळ नाही अक्का. चल."

"एवढ्या पायऱ्या कुणी उगाच बांधतं का? जिथे पायऱ्या तिथे देव. आणि लोक अंघोळीच्या तयारीने चाललेत."

मुलीने मला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. खाली रेक बीच नावाचा समुद्रकिनारा आहे आणि त्या किनाऱ्यावर कपडे घालायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. पुष्कळांनी तो प्रश्न सोडवून टाकलेला असतो. हे आपल्या थोरल्या बहिणीला कुठल्या शब्दांत सांगायचं, याचं प्रशिक्षण कुठल्याही बँकेत देत नाहीत. मी बराच वेळ शब्द शोधले आणि शेवटी त्यातल्या त्यात सोवळा शब्द निवडला.

"अक्का, खाली सगळे दिगंबर आहेत."

"दत्ताचं आहे होय!" अक्काने तिथल्या तिथे हात जोडले. "मग तर उतरायलाच हवं. आज गुरुवार आहे."

गुडघ्यांनी मला वाचवलं. माझ्या नव्हे, तिच्या. वर चढताना काय होईल ते मी रंगवून सांगितलं, तेव्हा तिने वरूनच नमस्कार केला, पाच डॉलरची नोट ठेवायला पेटी कुठे आहे विचारलं, आणि आम्ही मागे फिरलो. पंचा खांद्यावर टाकलेल्या एका गृहस्थांनी अक्काच्या नमस्काराला उलट नमस्कार केला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दर्शनाला निघाल्याचं समाधान होतं.

बागेचं दार साधं. आत शिरताना ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट. डॉलरला साठने गुणायचं नाही असं विमानात बसताना ठरवलं होतं; ते पहिल्याच कॉफीला मोडलं. दाराशी बागेच्या नावाचा माणूस कोण ते वाचायला मिळालं, आणि तिथे मी अक्काच्या आधी थबकलो. इनाझो निटोबे. हे नाव मी नोटेवर पाहिलं होतं! जपानच्या ५,००० येनच्या नोटेवर १९८४पासून वीसेक वर्षं याच गृहस्थांचं चित्र होतं, आणि परकीय चलनाच्या टेबलावर मी होतो तेव्हा ते चष्मेवाले, मिशाळ गृहस्थ क्वचित का होईना, माझ्या हातून गेले होते. नोटेवरच्या माणसाची चौकशी आपण कधी करत नाही. फक्त खरी की खोटी एवढंच बघतो.

जन्म १८६२, सामुराई घराण्यातला. शिक्षण शेतकी कॉलेजात. ("हाही मातीतलाच!" अक्का.) मग अमेरिका, जर्मनी. फिलाडेल्फियाच्या क्वेकर मुलीशी लग्न. १९०० साली जपानी माणसाचा धर्म काय हे जगाला समजावं म्हणून 'बुशिदो' नावाचं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. पुढे राष्ट्रसंघात उपमहासचिव. तरुणपणापासून एकच ध्यास, की आपण पॅसिफिक महासागरावरचा पूल व्हावं. पूल व्हायचं म्हणजे दोन्ही काठांचा भार आपल्या पाठीवर घ्यायचा. १९३३ साली जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडायला निघाला, आणि त्याच वर्षी एका परिषदेसाठी कॅनडात आलेले निटोबे इथून समुद्रापलीकडच्या व्हिक्टोरिया शहरात वारले.

पुलाचं पुढे काय झालं ते मुलीने रात्री सांगितलं. १९४२ साली युद्धाच्या धास्तीने इथल्या किनाऱ्यावरच्या वीस हजारांहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरदार, होड्या, दुकानं सोडायला लावून आत डोंगरांत हलवलं. बहुतेक जण कॅनडाचेच नागरिक. परत किनाऱ्यावर यायला त्यांना १९४९ उजाडावं लागलं. याच विद्यापीठातल्या ७६ विद्यार्थ्यांचं शिक्षण त्यात तुटलं. विद्यापीठाने त्यांना २०१२ साली समारंभाने पदव्या दिल्या. तोवर त्यांतले बरेच जण राहिले नव्हते. अक्काने दोनदा विचारलं, "शाळेतून काढलं? मुलांना?" आणि मग बराच वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसली. ही बाग १९६०ची. म्हणजे मंडळी परतली त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी.

असो. आम्ही आत शिरलो.

पर्यटनाची माझी दीक्षा महाबळेश्वरची. टॅक्सीवाला छापील कागद देतो: बारा पॉइंट. प्रत्येक पॉइंटला उतरायचं, तीच दरी नव्या कोनातून बघायची, फोटो, मक्याचं कणीस, पुढचा पॉइंट. संध्याकाळी बारापैकी बारा झाले की झोप लागते. या बागेत शिरताच मी सवयीने विचारलं, "इथे पॉइंट किती?" तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने हसून उजवीकडे हात केला, मग डावीकडेही केला, आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

बाग सगळी मिळून अडीच एकर. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाच्या, म्हणजे आपल्या पुण्याच्या जपानी बागेच्या, जेमतेम पाव भाग. ती अक्काने पाहिली आहे. तिचा नमुना ओकायामाच्या कोराकुएनचा, सरदारी थाटाचा. ऐसपैस हिरवळ, पाण्याचे पाट, कुठूनही उभं राहिलं तरी अर्धी बाग नजरेत. इथे मात्र कुठूनही उभं राहिलं तरी काहीच दिसत नाही! पायवाट वळते, टेकाड आडवं येतं, मेपलची फांदी डोळ्यांसमोर. तळं आहे हे ऐकू येतं, दिसत नाही. दिसतं तेव्हा निम्मंच. हा मुद्दाम केलेला प्रकार आहे म्हणे आणि त्याला जपानीत शब्दही आहे, 'मिएगाकुरे': थोडं दाखवायचं, थोडं झाकायचं, म्हणजे माणूस पुढे चालत राहतो. बागेची आखणी करायला खास जपानहून कान्नोसुके मोरी नावाचे प्राध्यापक आले होते. त्यांनी झाड न झाड, दगड न दगड कोणत्या बाजूला तोंड करून बसवायचा ते ठरवलं. दगडाला तोंड असतं हे मला नवीन होतं. अक्काला नव्हतं. "पाटा कुठल्या बाजूने टाकवायचा ते बघावंच लागतं," ती म्हणाली.

जून महिना असल्यामुळे तळ्याच्या कडेला जांभळे आयरिस फुलले होते आणि त्यांच्यामधून एक लाकडी पूल गेला होता. तोही सरळ नाही. दोन पावलं इकडे, काटकोन, दोन पावलं तिकडे. एका कॅनेडियन आजोबांनी आम्हाला आपणहून माहिती पुरवली की दुष्ट आत्मे फक्त सरळ रेषेत चालतात, म्हणून पूल वाकडा. त्यांना वळता येत नाही, ते पाण्यात पडतात. मी अक्काला भाषांतर करून सांगितलं. अक्काला त्या आत्म्यांची कीव आली.

"आपली भुतं बरी मग. पसरणी घाटात बघ, नेमकी वळणावरच उभी असतात. सरळ रस्त्यावर एक तरी भूत ऐकलंयस?"

आजोबांना हे मी सांगितलं. ते गंभीर झाले.

तळ्यात कोई मासे. केशरी, पांढरे, एक तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रंगाचा. आमची सावली पडताच सगळे तोंडं उघडून काठाशी. मेणवलीच्या घाटावर कृष्णेत कुरमुरे टाकायची सवय असलेल्या अक्काचा हात पिशवीतल्या डब्याकडे गेला. खायला घालू नये अशी पाटी वाचून परत आला. "उपाशी ठेवलेत," ती पुटपुटली. इथल्या माशांच्या जिवाला निराळाच घोर असतो. २०१८ साली व्हँकूवरच्या चायनाटाउनमधल्या चिनी बागेत कुठूनसं एक पाणमांजर शिरलं आणि रोज एक असे कोई खात सुटलं. मॅडोना नावाचा पन्नाशीचा मासाही त्याने सोडला नाही. सापळे लावले, ते चुकवून पाणमांजर सापळ्यातलं आमिष तेवढं खाऊन गेलं. शहरात दोन तट पडले, एक माशांचा, एक पाणमांजराचा, आणि दोन्ही तटांचे बिल्ले विकले गेले. हे ऐकून मला व्हँकूवरबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. थेट आमच्या सोसायटीसारखं.

चहाघराची खोली बंद होती. बाहेर पाण्याचं दगडी भांडं, पळी, आणि वाकून बघितलं तर ओसरी. अशा चहाघरांना जुन्या पद्धतीप्रमाणे एक बुटकं दार असतं. सामुराईसुद्धा तलवार बाहेर ठेवून, वाकून, रांगत आत जायचा. आपल्याकडे चपला काढतात तसं. आत हलके हलके पाणी तापवायचं, वाटी पुसायची, परत पुसायची, हिरवी पूड घुसळायची, वाटी हातात फिरवायची आणि मग तो कडू चहा प्यायचा. आमच्याकडे एवढ्या वेळात टपरीवर चार कटिंग होऊन वर उधारीही लिहिली जाते. अक्काने त्या बुटक्या दाराची उंची हाताने मोजली, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग माझा चहा राहिला."

मग आम्ही बाकावर बसलो, आणि मी शांतता अनुभवायला सुरुवात केली. घड्याळ बघून. पहिलं मिनिट छान गेलं. पाण्याचा आवाज, एक पक्षी, लांबवर घंटेसारखं काही. दुसऱ्या मिनिटाला आठवलं की पुण्याहून निघताना गॅसचा नॉब बंद केला, पण मागच्या बाल्कनीचं दार? तिसऱ्या मिनिटाला सप्टेंबरात मुदत संपणारी एक ठेव. चौथ्याला तो चुलतभाऊ आणि त्याची जिलबी. एवढा कलकलाट माझ्या डोक्यात आधीपासून चालू होता की काय कोण जाणे. घरी टीव्हीच्या आवाजात ऐकू आला नव्हता. सहाव्या मिनिटाला मी उठलो, बागेला दुसरा फेरा मारला, तेच तळं सात जागांहून बघितलं आणि मनात सात पॉइंट लिहून टाकले.

परत आलो तर बाकावर अक्का नाही.

ती टेकाडाच्या मागे सापडली. तिथे झाडांखाली शेवाळ्याचा गालिचा होता. हिरवागार, लोण्यासारखा मऊ. मोरीत असलं शेवाळं दिसलं की आपण ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो. इथे एक पन्नाशीची बाई गुडघ्यांखाली रबरी गादी घेऊन त्या शेवाळ्यातलं तण चिमट्याने उपटत होती. एकेक काडी. बाजूला बादली. आणि तिच्यासमोर, तोल सांभाळत, तिथल्या बाकाच्या कडेला टेकून अक्का वाकलेली. मेथी निवडायला शेजारीण बसली की दुसरी जशी आपसूक बसते, तशी.

"हे बघ," अक्का मला म्हणाली, "आंबुशी."

खरंच आंबुशी. बदामासारखी तीन पानं, इवलं पिवळं फूल. वाईला आमच्या परसात नळाजवळ हीच असायची. शाळेतून येताना तोंडात टाकायची, जीभ आंबट करायची. अक्काने बादलीतली एक काडी उचलली, निरखली, फुंकर मारली आणि सरळ तोंडात टाकली. बाईचा चिमटा हवेत थांबला.

"आंबट," अक्का म्हणाली, आणि डोळे मिचकावून दाखवलं.

बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. मग हातमोजा काढला, एक पान खुडलं आणि चावलं. तिचे डोळे आपोआप मिटले, खांदे वर गेले. अक्का खूश होऊन हसली. इतकी वर्षं हे उपटतेय, खाऊन कधी पाहिलं नाही, असं बाई मला इंग्रजीत म्हणाली. भारी चिवट, प्रत्येक पेऱ्याला मूळ धरते, शेंग पिकली की टचकन बिया उडवते. मी अक्काला सांगायला तोंड उघडलं तर ती मराठीत नेमकं तेच बाईला सांगत होती, बोटांनी शेंग फुटल्याची खूण करून. माझी कुणाला गरज नव्हती.

"चटणी," अक्काने बादलीकडे बोट दाखवून सांगितलं.

"चटनी!" बाईंनी शब्द ओळखला.

मी दहा पावलांवर उभा राहिलो. पंचवीस मिनिटं झाली असतील. बाई उपटत होत्या, अक्का निवडत होती. पिवळी पडलेली पानं वेगळी, कोवळी वेगळी. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. मधे एकदा मी खोकलो, तर दोघींनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खोकला गिळून पुढचा पॉइंट बघायला गेलो.

मॉलसाठी घेतलेली पिशवी शेवटी उपयोगी पडली.

संध्याकाळी मुलगी आली, ओट्यावर बघून किंचाळली. "आत्या! हे ऑक्झॅलिस आहे. तण आहे ते!"

"आंबुशी म्हणतात. मातीचं एवढं शिकलीस आणि मातीवर उगवलेलं ओळखता येत नाही?"

शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची. मिक्सर असा ओरडला की खालच्या मजल्यावरच्याने छताला काठी ठोकली. चटणी उत्तम झाली. मुलीने तीनदा घेतली, आणि प्रत्येक वेळी तणातल्या ऑक्झॅलिक आम्लाबद्दल एकेक वाक्य सांगितलं.

आठ वाजून गेले तरी बाहेर लख्ख ऊन होतं. इथे आल्यापासून अक्काला रोज हीच पंचाईत. दिवेलागण कधी समजायची? तिने खिडकीतून दोनदा डोकावून पाहिलं, आज सूर्य लवकर जाईल अशी चिन्हं नव्हती. मग पदराला हात पुसले आणि भर उन्हात दिवा लावला.

"त्या बाईंचे गुडघे चांगले आहेत हं," ती म्हणाली.